ताट वाढलेलंच असू द्या: विश्वास सोडून गेलेल्या मुलांच्या आईबापांसाठी

२०२१ चा नाताळ. जेवणाआधी मी आशीर्वाद मागत होते. नातवाने मध्येच ताटातली करंजी उचलली, त्या आवाजाने माझे डोळे उघडले आणि समोर मुलगा दिसला. डोळे उघडे, हात मांडीवर, नजर माझ्यावर. याच मुलाला मी संडे स्कूलला बोट धरून नेलं होतं. त्याच्या दृढीकरणाला, म्हणजे चर्चमध्ये उभं राहून स्वतःचा विश्वास कबूल करायच्या विधीला, त्याच्या पप्पांनी स्वतःसाठी नवा कोट शिवून घेतला होता. रात्री भांडी आवरताना मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, माझा आता यावर विश्वास राहिला नाही. तुझ्यासाठी येऊन बसत होतो."

मी रडले. "पप्पा वरून बघत असतील, त्यांना काय वाटत असेल," असं बोलून गेले. पप्पांना जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. सकाळी न्याहारीही न करता तो बायको-मुलाला घेऊन पुण्याला निघून गेला.

मी नगरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. महिला मंडळातल्या, नात्यातल्या कितीतरी आया गेल्या काही वर्षांत माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, माझाही येत नाही हो." हळू आवाजात, कारण आपल्याकडे ही गोष्ट लाजेची धरतात. त्या सगळ्यांना जे थोडं थोडं सांगत आले, ते इथे एकत्र लिहिते.

आधी थांबा

त्या नाताळानंतर मी रोज सकाळी मुलाला व्हॉट्सअॅपवर वचन पाठवायला लागले. फुलांच्या चित्रावरचं वचन, कधी दहा मिनिटांचा संदेश, कधी कुणाची साक्ष. आठ महिन्यांत त्याने एकाही वचनाला उत्तर दिलं नाही. मग मी पाळकसाहेबांना त्याचा नंबर दिला आणि त्याच्याशी बोलायची विनंती केली. ते भल्या मनाने बोलले असतील, पण त्यानंतर दोन महिने मुलाने माझा फोन उचलला नाही. सून उचलायची आणि म्हणायची, "मम्मी, ते कामात आहेत."

म्हणून पहिली गोष्ट, हात आवरा. वचनं पाठवणं बंद करा. पवित्र शास्त्राला यात काही कमीपणा येत नाही. रोज न मागता आलेलं वचन वाचलं जात नाही, त्यातून फक्त आईची नाराजी वाचली जाते. पाळकांना, मामाला, तरुण संघातल्या जुन्या मित्राला मध्ये घालू नका. "मी मेल्यावर मला माती द्यायला तरी येशील का?" हे वाक्य तर कधीच बोलू नका. मी ते एकदा फोनवर बोलले, आणि पलीकडे किती वेळ नुसती शांतता होती ते मला आजही आठवतं. शेताचा वाटा, घर, मृत्युपत्र यांचा विश्वासाशी संबंध जोडू नका. मालमत्तेसाठी मूल चर्चमध्ये येऊन बसलं तर ते खोटं बसणं होईल, आणि ते खोटं आपण विकत घेतलेलं असेल.

आणखी एक. त्याला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, ऐकवू नका. आपल्या डोक्यात तोच दाखला असतो हे मला ठाऊक आहे, माझ्याही होता. पण त्या पुत्राने बापाची संपत्ती उधळली होती. माझा मुलगा सकाळी नऊला कामाला बसतो, घराचे हप्ते भरतो, पप्पांच्या दवाखान्याचं सगळं बिल त्याने एकट्याने फेडलं. त्याला उधळ्या म्हणणं अन्यायाचं आहे आणि ते त्याला बरोबर कळतं. तो दाखला लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे, तो स्वतःसाठी वाचा. त्यात बापाने कुणाला मुलाच्या मागे पाठवलं नाही. मूल दूर असतानाच त्याला दिसलं, म्हणजे त्याची नजर रस्त्यावर होती. आणि मुलगा पाठ करून आलेलं बोलत होता, ते पुरतं होण्याआधीच बापाने नोकरांना झगा आणायला सांगितलं. घरी राहिलेल्या थोरल्याचं दुखणंही त्यात आहे. माझी मुलगी दर रविवारी गायनवृंदात गाते. दोन वर्षं मी तिच्याशी फक्त तिच्या भावाबद्दल बोलत होते, हे तिने मला सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग विचारा, आणि गप्प बसा

थांबणं म्हणजे विषय कायमचा मिटवणं नव्हे. काय झालं ते एकदा विचारावंच लागतं. त्यासाठी जागा नीट निवडा. सणाच्या दिवशी नको, जेवताना नको, सून-जावई-नातवंडांसमोर तर नकोच. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत विचारलं की कोर्टात उभं केल्यासारखं होतं. शेजारी शेजारी असताना माणूस मोकळं बोलतं. आम्ही गाडीत बोललो. नगरहून पुण्याला जाताना शिरूर, रांजणगाव मागे पडलं आणि वाघोलीला नेहमीसारखी गर्दी लागली. गाडी हलत नव्हती. मी विचारलं, "नेमकं कधी सुटलं रे तुझं? मी वाद घालणार नाही, मला फक्त ऐकायचंय."

"का सुटलं" असं मी मुद्दाम विचारलं नाही. "का" म्हटलं की उत्तर देणाऱ्याला बाजू मांडावी लागते. "कधी" म्हटलं की तो गोष्ट सांगतो.

त्याने सांगितलं. एप्रिल २०२१ मध्ये त्याचे पप्पा ऑक्सिजनवर होते. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक रात्री फोनवर एकत्र येऊन प्रार्थना करायचे. मुलगा रेमडेसिव्हिरसाठी मेडिकल ते मेडिकल फिरत असायचा आणि कानात तीच प्रार्थना लावलेली असायची. पप्पा गेले. दफनाला पाचसहाच माणसांना परवानगी होती. त्यानंतर आठवड्याने मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने त्याला फोन करून सांगितलं की तुमच्या घरात विश्वासाची उणीव राहिली, नाहीतर देवाने ऐकलं असतं. मुलाने मला एवढंच विचारलं, "आई, हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालीस, जाऊ दे, ते मोठे आहेत. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी तेव्हा भानावर नव्हते. पण तो खोटं बोलत नव्हता.

इथे तुमची परीक्षा असते. मूल बोलतं तेव्हा आपल्या तोंडाशी लगेच उत्तर येतं. सगळं गमावूनही देवाला धरून राहिलेल्या ईयोबाचं उदाहरण येतं, "माणसांकडे बघू नकोस, येशूकडे बघ" हे तर येतंच. ते गिळा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते, तेवढं त्यांनी बरोबर केलं होतं. तोंड उघडलं तिथून बिघडलं. मी वाघोलीपासून खराडीपर्यंत एक शब्द बोलले नाही. मग म्हणाले, "ते चुकीचं बोलले. आणि मी त्यांना तेव्हाच तसं सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

माफी मागायची असेल तर ती अशीच आखूड असू द्या. तिला "पण" जोडू नका. "माझं चुकलं, पण तूही..." म्हटलं की माफी संपली. आपण प्रत्येकाने काही ना काही केलेलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशीही उपासनेला ओढून नेलेलं असतं, देव शिक्षा करील म्हणून घाबरवलेलं असतं, मंडळीच्या कमिटीची भांडणं मुलांच्या कानावर पडू दिलेली असतात. आठवून बघा आणि जे खरं आहे तेवढंच कबूल करा. न केलेल्या पापाची माफी मागू नका, मुलांना तो नाटकीपणा लगेच कळतो.

बोलण्यातून मूल फार खचलेलं वाटलं, झोप उडाली आहे, जगण्यात रस नाही असं काही कानावर आलं, तर विश्वासाचा विषय बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे फोन करता येतो. उपास-प्रार्थना तुम्ही घरी करा, त्याला त्यासाठी कुठे घेऊन जाऊ नका.

नेमकं काय सुटलंय

"विश्वास सोडला" हे आपण एका दमात म्हणतो. आत बऱ्याच वेगळ्या गोष्टी असतात. एका मैत्रिणीची मुलगी दुसऱ्या फेलोशिपला जाते, टाळ्या वाजवून गातात तिथे. आई म्हणते, गेली. अहो, ती गेलेली नाही, तिने फक्त बाक बदलला. एकाचा मुलगा शिफ्टमध्ये काम करतो, रविवारी झोपतो. एकीला देवाबद्दल प्रश्न नाही, मंडळीतल्या कोर्टकचेऱ्यांचा वीट आलाय. आणि काही जणांचा देवावरचा विश्वास खरोखरच उरलेला नाही. प्रत्येकाशी वागणं वेगळं आहे, म्हणून आधी विचारायचं.

राहुरीकडच्या माझ्या भाच्याचं उदाहरण सांगते. तो कॉलेजात बाबासाहेबांचं वाचायला लागला, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं ते त्याने समजून घेतलं, आणि आता तो विहारात जातो. नातेवाईक म्हणाले, आरक्षणासाठी गेला. आपल्याकडे ही शंका पटकन येते, कारण बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात आणि ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. त्याच्या वडिलांनी मात्र त्यालाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "दादा, चर्चमध्ये सगळे एक म्हणायचे आणि सोयरिकीच्या वेळी मूळचं गाव नि जात काढायचे. मला ते खोटं वाटलं." वडिलांकडे याला उत्तर नव्हतं, कारण त्याच्या आत्याच्या लग्नात नेमकं हेच घडलं होतं. ते अजून प्रभूलाच धरून आहेत, भाचा विहारात जातो, आणि दोघं मिळून कांदा लावतात.

आणि आपणच एक गोष्ट विसरतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला १८३१ साली आले. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा १८७६-७८ च्या दुष्काळानंतरच्या काळातला. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या आईने उंबऱ्यावर डोकं आपटून घेतलं होतं, असं आमच्या घरात सांगतात. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी नेहमी पणजोबांच्या बाजूने असायचे. आता मला ती म्हातारी दिसते. तिचंही मूल तिच्या देवाला सोडून गेलं होतं, आणि पणजोबा तिच्या धाकाने थांबले नाहीत. जो मनाचा हक्क आपण पणजोबांना देतो तो मुलाला नाही म्हणायला तोंड कुठे आहे?

मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पाच वर्षं या वादळात राहिल्या. काही काळ पंढरपुरात होत्या. पुढे नगरला आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं चालू होतं, आणि टिळकांनी ते चालू दिलं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, त्यांच्या स्वतःच्या मनाने. टिळक रागीट होते, आततायी होते, पण इथे ते थांबले. कवी माणसाला पाच वर्षं थांबता आलं, तर आपल्याला प्रयत्न करता येईल.

घरातल्या रोजच्या गोष्टी

मुलं घरी येतात तेव्हा प्रार्थना करायची की नाही, असं मला सगळ्यात जास्त विचारतात. करायची. ते आपलं घर आहे. मी जेवणाआधी आशीर्वाद मागते, पूर्वीसारखाच, दोनतीन वाक्यांचा. त्यात मुलाचा उल्लेख करत नाही. "हे प्रभू, जे तुझ्यापासून दूर गेलेत त्यांना परत आण" हे ताटावर बसून म्हणणं म्हणजे देवाला सांगायचं नाव करून मुलाला टोमणा मारणं. त्याने डोळे मिटले की नाही ते आता मी बघत नाही. तसंच, तो शेजारच्या खोलीत असताना त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्यासाठी प्रार्थना करू नका.

रविवारी सकाळी मी उठून साडी नेसते आणि जाते. "येतोस का?" असं एकदाही विचारत नाही, "मी येते साडेदहापर्यंत, पोहे झाकून ठेवलेत" एवढंच सांगते. नाताळाला कॅरल पार्टी रात्री दारात येते तेव्हा दार मुलगा उघडतो, त्यांना फराळ तोच देतो. त्याला ते आवडतं. यात मी काही शोधत नाही.

नातवंडांचा प्रश्न नाजूक आहे. थोरल्या नातवाचा बाप्तिस्मा २०१९ ला झाला. धाकटी नात २०२३ ची, तिचा झालेला नाही. एका बाईने मला सुचवलं, ते ऑफिसला गेले की न्या आणि गुपचूप उरकून घ्या. हे चुकूनही करू नका. बाप्तिस्म्यात आईबाप आणि मंडळी देवासमोर वचन देतात. चोरून वचन कसं देणार? आणि ज्या दिवशी हे उघडं होईल त्या दिवसापासून नातवंडं आपल्याकडे एकटी राहायला येणार नाहीत. मी नातीला दावीद-गल्याथाची गोष्ट सांगते, पण आधी मुलाला विचारून घेतलं. तो म्हणाला, "गोष्टी सांग. नरकाचं नको." मी कबूल केलं आणि पाळते.

लग्नाचं थोडक्यात. मूल अख्रिस्ती जोडीदार निवडतं तेव्हा घाईघाईने त्या दुसऱ्या पोराला किंवा पोरीला पाण्यात उतरवायची धडपड होते, म्हणजे लग्न चर्चमध्ये लागेल. नुसत्या लग्नापुरता बाप्तिस्मा मागू नका. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी चालतं. पाळक तयार होतील की नाही ते त्यांच्या मंडळीच्या नियमावर असतं. नाहीतर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं आणि कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. रजिस्टर ऑफिसात तुम्ही जा. चांगली साडी नेसून जा, पेढे घेऊन जा. त्या दिवशी आई आली होती की नव्हती, हे आयुष्यभर लक्षात राहतं.

मंडळीत लोक विचारतात तेव्हा

"मुलगा दिसत नाही बऱ्याच दिवसांत?" या प्रश्नाला मी आधी "कामात असतो" म्हणायचे. आता म्हणते, "तो सध्या येत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण त्याला फोन करू नका." मोठ्याने, हसून. पहिल्यांदा जड गेलं. पण त्याच रविवारी बाहेर चपला घालताना दोघी जणी माझ्याजवळ थांबल्या आणि आपल्या मुलांचं बोलल्या. त्यातून आम्ही चौघी महिन्यातून एकदा माझ्याकडे जमतो. मुलांच्या चुका सांगायच्या नाहीत असा नियम आहे. मुलांच्या कामाचं, तब्येतीचं, नातवंडांच्या दातांचं बोलतो आणि त्यावर प्रार्थना करतो.

ज्यांनी तो फोन केला होता त्या गृहस्थांनाही मी भेटले, तीन वर्षांनी. काय बोललात आणि त्याने काय झालं ते सांगितलं. त्यांना ते आठवत नव्हतं. फार वेळ ते गप्प बसले. ते पुढे मुलाशी काही बोलले का, हे मी विचारलं नाही.

प्रार्थना

माझी डी.एड.च्या वेळची एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. आम्ही प्रोटेस्टंट संतांचे सण पाळत नाही, पण तिने मला संत मोनिकेची गोष्ट सांगितली आणि मी ती धरून ठेवली आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत ही बाई होऊन गेली. तिचा मुलगा ऑगस्तीन तरुणपणी मानी नावाच्या गुरूच्या वेगळ्या पंथात गेला. तिने आधी त्याला आपल्या पंगतीलाही बसू दिलं नव्हतं. मग तिला एक स्वप्न पडलं आणि तिने त्याला पुन्हा घरात, ताटावर घेतलं. ती एका बिशपकडे गेली, माझ्या मुलाशी बोला म्हणून. तो बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला आणि वाचून वाचून बाहेर पडलेला. तो म्हणाला, आत्ता त्याला काही सांगू नका, तो ऐकणार नाही. तुम्ही फक्त प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. ती हट्टाने रडत राहिली, तेव्हा वैतागून तो म्हणाला, जा बाई, इतक्या आसवांचा मुलगा वाया जायचा नाही. लोक हे शेवटचं वाक्य सांगतात. मला आधीचं जास्त उपयोगी पडलं. ऑगस्तीनने ३८७ साली मिलानमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. मधली वर्षं दहाच्या वर होती, आणि त्यात तो एकदा तिला फसवून रात्री जहाजाने रोमला निघूनही गेला होता.

माझ्याजवळ एक शाळकरी वही आहे. रोज पहाटे त्यात तारीख आणि एक ओळ लिहिते. "परत आण" हे रोज लिहीत नाही. "नातीचा खोकला." "त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत." "सुनेच्या आईचं ऑपरेशन." त्यामुळे मला त्याचं आयुष्य नीट माहीत असावं लागतं, म्हणून मी फोनवर विचारते, आणि तो आता सांगतो. काही दिवस लिहवत नाही. तेव्हा तारीख टाकून पान कोरं ठेवते. रागाचे दिवसही आहेत, देवावरच्या रागाचे. स्तोत्रांत ते पुष्कळ आहेत, ती मोठ्याने वाचते, तेव्हा घरात कुणी नसतं.

शेवटचं, खुणा शोधू नका. हे मला अजून जमत नाही. मुलगा दरवर्षी एप्रिलमध्ये येतो. आम्ही कबरस्तानात जातो. तो पप्पांच्या कबरेवरचं गवत उपटतो, क्रूसाला चुना लावतो, ऊन लागू नये म्हणून मला लिंबाखाली उभं करतो. मी प्रार्थना करते तेव्हा तो बादली घेऊन नळाकडे जातो. गेल्या एप्रिलला परत येताना तो पप्पांचं आवडतं भजन गुणगुणत होता. माझ्या छातीत धस्स झालं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि त्याला म्हटलं, "चितळे रोडला थांबव जरा, नातीला बांगड्या घ्यायच्यात."